‘रिन्यू’ म्हणजे वाढवणे

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगायची संधी मिळाली नाही, असं म्हणायला जागा नाही. मागं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत माझा सत्कार केला, तेव्हा ‘सर, एखाद्या शब्दावर बोला’ असा त्यांनी आग्रह धरला. मी ‘रिन्यू’ या क्रियापदावर बोलायला उभा राहिलो. मनात होतं की आज सांगून मोकळं व्हावं. पण शब्दाचा अर्थ झाला, उगम झाला, दोन-तीन विनोद झाले, लोक हसले आणि मी खाली बसलो. शब्दामागं लपणं मला चांगलं जमतं. इंग्रजीच्या मास्तराला तेवढं एक यावंच लागतं.

पूर्णेच्या एका शाळेत मी निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं. गाव जंक्शनचं, त्यामुळं वर्गात निम्मी पोरं रेल्वेवाल्यांची आणि निम्मी आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची. रिन्यू म्हणजे काय, असं विचारलं की रेल्वेतल्या बाबूंची पोरं म्हणायची, पास रिन्यू करतात तसं. रुळांवर काम करणाऱ्यांची पोरं म्हणायची, जुना रूळ उपटून नवा टाकणे. दोन्ही बरोबरच. एकात जुनंच पुढं चालू राहतं, दुसऱ्यात जुनं जातं आणि त्याच्या जागी दुसरं येतं. एकाच शब्दाच्या पोटात राहणंही आहे आणि जाणंही आहे. पण परीक्षेला इतकं कोण विचारतो? मी फळ्यावर लिहायचो : रिन्यू म्हणजे मुदत वाढवणे. पोरं उतरवून घ्यायची.

शब्द तसा साधा आहे. ‘न्यू’ हा इंग्रजांचा घरचा शब्द. त्याला पुढून ‘री’ जोडलं, म्हणजे ‘पुन्हा’, ते लॅटिनमधून आलेलं. परक्या मुठीला घरचं पातं बसवावं तसा हा जोड. आणि ते घरचं पातंही नुसतं त्यांचं नाही. संस्कृतातला नव, आपला नवा, नौजवान म्हणताना येतो तो फारसीतला नौ, ही सगळी एकाच आज्याची नातवंडं. वर्गात हे सांगताना मला फार आनंद व्हायचा. इतक्या लांबून आलेला शब्द आणि निघाला आपल्याच भावकीतला, असं मी म्हणायचो. भावकीतल्या माणसापासून सावध राहावं, हे मात्र मला सुचलं नाही.

आता अक्कांविषयी सांगतो.

स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग होती. एका गाळ्यात शिंपी, एकात घड्याळं दुरुस्त करणारा आणि कडेच्या गाळ्यात अक्का. अक्का जातीनं कासार, विधवा, माझ्यापेक्षा थोड्या वडील. नवरा गेल्यावर बांगड्यांचं दुकान त्यांनीच चालवलं आणि एकुलत्या मुलीचं लग्नही त्यातूनच केलं. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. मी शाळा सुटल्यावर शिंप्याकडं पेपर वाचायला बसायचो, त्यामुळं त्यांचं बोलणं कानावर पडायचं. खेड्यांतून बाया यायच्या. अक्का एकेकीचा हात मांडीवर घेऊन तो दाबत, चोळत, गप्पांत गुंतवत बांगडी वर चढवायच्या.

“हात ढिल्ला सोड की बाई. दाल्ल्याला बुक्की हाणायलीस का मला?”

“त्यालाच हाणायची व्हती, अक्का. तुमी मधी आलाव.”

“मग त्याला घिऊन ये. त्यालाबी भरते दोन.”

हातात भरताना एखादी बांगडी गेली तर ती कासारणीच्या खात्यात, गिऱ्हाइकाकडून तिचं काही घ्यायचं नाही, असा दस्तूर. आणि ती फुटली असं कधी म्हणायचं नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. देवापुढं नारळ वाढवायचा. सौभाग्याच्या वस्तूला वाईट शब्द लावायचा नाही म्हणून आपल्या भाषेनं काढलेली ही वाट. अक्कांनी ती वाट आणखी लांबवली होती. दुकान ‘बंद करते’ असं त्या चुकूनसुद्धा म्हणायच्या नाहीत. दिवे लागले, की आवराआवर करत पलीकडच्या शिंप्याला हाक द्यायच्या, “चल रे, मी वाढवते आता.”

एकदा त्यांनीच मला विचारलं होतं, “सर, तुमच्या इंग्रजीत बांगडी वाढली तर काय म्हणत्यात?”

“ब्रोक.”

“आन् दुकान वाढवलं तर?”

“क्लोज्ड.”

“लय दणादण बोलत्यात वं ही माणसं. आपुन बाई दमानं बोलावं.”

हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. अक्कांच्या तोंडात ‘वाढवणे’ या शब्दाचा अर्थ काय होता, हे गावात कुणाला ठाऊक नसेल तरी मला ठाऊक होतं. मी अजाण होतो, असं पुढं कुणी म्हणू नये.

गाळ्यांचे मालक जुने जमीनदार. त्यांचं घराणं केव्हाच गाव सोडून गेलं होतं आणि गाळ्यांचं सगळं एक कारभारी बघायचा. मी निवृत्त झालो त्याच्या आसपास मालक वारले आणि त्यांचा नातू येणार अशी बातमी आली. हा नातू विलायतेत जन्मला, तिथंच वाढला. त्याला मराठी येत नव्हती आणि हिंदी ‘नमस्ते’पाशी संपायची. गावात लगेच आवई उठली, की तो गाळे पाडून मोठी इमारत बांधणार आणि सगळ्यांना काढणार. शिंपी महिनाभर नवं काम घ्यायला धजत नव्हता. अक्का मला दोनदा म्हणाल्या, “सर, तुमाला त्यांची भाषा येती. माझ्यासाठी शब्द टाका. या वयात मी कुठं जाऊ बसायला?”

मी म्हणालो, “टाकतो.”

त्याच दिवसांत आमच्या घरात एक वेगळीच कटकट चालू होती. मुलानं आयटीआय केलं, नांदेडला राहून मोबाइल दुरुस्तीचं काम शिकून आला, पण दुकानाला स्टेशनजवळ जागा मिळेना. आतल्या गल्लीत कोण येणार मोबाइल घेऊन? जेवायला बसलं की बायको आमटी वाढता वाढता सुनवायची, “गावाच्या पोरांना मार्गाला लावलं म्हणं. घरच्याला चार हात जागा बघून देता येईना.” मुलगा खाली मान घालून जेवायचा. ते मला जास्त लागायचं.

नातू आला तो सकाळच्या गाडीनं. तिशीतला, मवाळ, सारखा ‘थँक यू’ म्हणणारा. कारभाऱ्यानं मला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं. त्याच्याशी बोलल्यावर पहिल्या पाच वाक्यांतच कळलं, की गाळे पाडायचा त्याचा काही विचार नाही. जुन्या भाडेकरूंना राहायचं असेल तर पुन्हा काही वर्षांसाठी त्यांच्याचकडे जागा ठेवायची, इतकंच ठरवून तो आला होता. मला म्हणाला, प्रत्येकाला विचारा, रिन्यू करायचंय का.

पहिला शिंपी. मी त्याला म्हणालो, “मालक काढायले नाहीत. मुदत वाढवून द्यायची म्हणतायत. वाढवायची ना?” शिंप्यानं हातातली कात्री खाली ठेवली. “वाढवा की सर. विचारायची गोष्ट झाली का?” मग घड्याळवाला. त्याला मी नुसतं म्हणालो, “मुदत वाढवायची का?” तो डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच हो म्हणाला. तिसरा गाळा अक्कांचा. तेवढ्यात स्टेशनात गाडी लागली, रिक्षावाल्यांचा गलका सुरू झाला, नातू पुढं जाऊन उभा राहिला होता. मी घाईघाईनं म्हणालो, “अक्का, मालक विचारायलेत, वाढवायचं का?”

‘मुदत’ हा शब्द मी गाळला. मुद्दाम गाळला नाही. दोन ठिकाणी बोलून झालं होतं, तोंडाला आळस आला, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दानं केलं.

अक्कांचा चेहरा उतरला. महिनाभर जे ऐकत होत्या तेच मी विचारलं, असं त्यांना वाटलं. दुकान बंद करायचं का? त्या उठून उभ्या राहिल्या. “न्हाई न्हाई, वाढवायचं न्हाई. सांगा त्यांना, सर. वाढवायचं न्हाई म्हणावं.”

मी नातवाकडं वळून सांगितलं, “नो. शी डझंट वॉन्ट टू.”

इथपर्यंतची चूक ही खरोखरच चूक होती. असल्या चुका भाषेत होतात, आणि मी इथंच थांबलो असतो तर हा एक गमतीचा किस्सा झाला असता. सत्काराच्या भाषणात सांगण्याजोगा.

नातवाला थोडं नवल वाटलं. त्यानं विचारलं, “शुअर?”

मी अक्कांकडं पाहिलं. त्या हात जोडून उभ्या होत्या. नातवाकडं बघून हसायचा प्रयत्न करत होत्या, मध्येच माझ्याकडं बघत होत्या, की मी नीट सांगतोय ना. ज्याला जागा सोडायची असते तो माणूस असे हात जोडत नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांचा ‘वाढवणे’ आणि माझा ‘वाढवणे’ मला समोरासमोर दिसले. ‘एक मिनिट, माझी चूक झाली’ हे वाक्य इंग्रजीत जिभेवर तयारही झालं.

पण त्याच क्षणी नातू म्हणाला, मग या जागेसाठी तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? भरवशाचं?

मी म्हणालो, “माय सन.”

इतक्या सहज म्हणालो, जणू वर्गातला धडा वाचत होतो. नातवानं हात पुढं केला, मी तो हातात घेतला. मागून अक्कांनी विचारलं, “काय म्हणायलेत, सर?” मी म्हणालो, “बघू म्हणतात.” त्यांनी आम्हां दोघांना चहा सांगितला. नातवाला कपात आणि मला, माझी सवय त्यांना ठाऊक होती म्हणून, बशीसकट. मी तो प्यालो.

दिवाळीच्या आधी कारभाऱ्यानं अक्कांना जागा मोकळी करायला सांगितली. त्या थेट आमच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या, बराच वेळ पदरानं मान पुसत राहिल्या. “मालकानं ऐकलं न्हाई वं, सर. तुमी तर माझ्यासमोरच सांगितलं त्यांना.”

“मी खूप सांगून पाहिलं, अक्का,” मी म्हणालो.

हे वाक्य मराठीत होतं. त्यात भाषांतर नव्हतं, गैरसमज नव्हता, गाडीचा आवाज नव्हता. स्वतःची समजूत घालताना मी पुष्कळ वर्षं दोष त्या इंग्रजी शब्दावर ढकलला. जाडजूड शब्दकोश काढून त्याचे अर्थ बघत बसलो, जणू त्यातला एखादा अर्थ माझ्या बाजूनं साक्ष देईल. पण ओट्यावरच्या या मराठी वाक्यासाठी कुठलाच कोश उघडता येत नाही.

मग मी पुढचंही बोललो. मालक जागा बाहेरच्याला देणार होते, म्हणून आमच्या पोरासाठी आम्हीच मागून घेतली, असं सांगितलं. अक्का म्हणाल्या, “बरं केलं. परक्याच्या हाती जाण्यापरीस तुमचं लेकरू बसलं तर मला बरंच हाय.” आणि आत वळून माझ्या बायकोला म्हणाल्या, “बाई, च्या टाक गं. आज तुझ्या घरचा पिते.”

जागेवरचे लाकडी खण काढायला मुलगा गेला, तेव्हा अक्कांनी त्याला मदत केली. खालच्या खणातल्या काचा त्यांनी एकेक करून वेचल्या, पोराच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

पुढं त्या बांगड्यांची पाटी घेऊन आठवडी बाजार करू लागल्या. आज पूर्णा, उद्या दुसरं गाव. एसटीत पाटी वर चढवण्यावरून कंडक्टरशी वाद घालताना मी त्यांना पाहिलं आहे. “हळू रे भाऊ, काच हाय. तुझ्या बायकूच्याच हातात जायची हाय.” मी खांबाआड झालो. स्टेशनच्या रस्त्यानं जाणंच मी कमी केलं. पेपर घरी मागवायला लागलो. बायको म्हणाली, “पोराचं दुकान चाललंय आन् तुमी तिकडं फिरकत नाही, कामून?” मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या गुडघ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा बायकोनं चुडा भरायला अक्कांनाच बोलावलं. गावात दुसरे बांगडीवाले होते, पण तिला अक्काच हव्या होत्या. मांडवात सगळ्या बाया गोळा झाल्या. अक्कांनी नव्या सुनेचा हात हातात घेतला, हिरव्या बांगड्या चढवता चढवता तिला हसवलं, रडवलं. भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणं सून त्यांच्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “सुखानं नांद. तुझा सासरा देवमाणूस हाय. माझ्यासाठी मालकाच्या नातवाशी इंग्रजीत भांडला.”

बाया माझ्याकडं बघून हसल्या. सूनही कौतुकानं बघायला लागली. मी पाहुण्यांची पंगत बघायचं निमित्त काढून तिथून उठलो.

त्यानंतर दर वेळी, जागेची मुदत संपत आली की मुलगा जेवताना म्हणायचा, “बाबा, औंदा रिन्यू करायचंय.” बिचारा सहज म्हणायचा. त्याला आजही यातलं काही ठाऊक नाही. हे छापून आलं की तो वाचेल. त्याचा यात काडीचा दोष नाही, हे मी इथं लिहितो. त्याला जागा मिळाली एवढंच त्याला माहीत, ती कशी मिळाली हे फक्त मला माहीत.

अक्कांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, तशा त्या गंगाखेडला मुलीकडं राहायला गेल्या. बायको गेल्यानंतर घरात माझं मन लागेना. एक दिवस ठरवलं, जायचंच. परळीकडं जाणाऱ्या गाडीत बसलो आणि वाटभर काय बोलायचं ते घोकत गेलो. गंमत म्हणजे ते मला आधी इंग्रजीत सुचलं. इंग्रजीत माफी मागणं सोपं आहे. गर्दीत पाय पडला तरी ‘सॉरी’ आणि कुणाचं दुकान गेलं तरी ‘सॉरी’. पण अक्कांना ते काय कळणार होतं? आणि त्यांना न कळणाऱ्या भाषेत एकदा मी बोललो होतो, तेवढं पुरे होतं. म्हणून गाडीत बसून मी मराठीत वाक्यं जुळवली. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. गंगाखेड आलं तसा मळीचा वास डब्यात शिरला.

अक्का दारातच बाजेवर बसल्या होत्या. मी हाक मारली तशी त्यांनी आवाजावरून ओळखलं. “सर आले गं,” म्हणून लेकीला हाक दिली. शेजारच्या दोन बाया आल्या. अक्कांनी त्यांना सांगितलं, हे कोण, यांनी माझ्यासाठी काय केलं. भांडणाची हकीगत आता वाढली होती. मी टेबलावर हात आपटला होता म्हणे. तिथं टेबल नव्हतंच.

चहा झाला. बाया गेल्या. मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी मालकाच्या नातवाला मी जे सांगितलं…”

त्यांनी हात हलवला. “सोडा वं ते. जुनं झालं. तुमी केलं तेवढं माझ्या भावानंबी केलं नसतं. मी लेकीला सांगून ठेवलंय, मी गेल्यावर सरांना कळवायचं म्हणून.” लेक चौकटीला टेकून उभी होती आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडं फार मायेनं बघत होती. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, की या वयात त्यांच्या मनातलं एक चांगलं माणूस कशाला काढून घ्यायचं? ही दया त्यांच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तब्येत विचारली, औषधं विचारली आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून बराच अवकाश होता. स्टेशनातल्या बाकावर मी तो काढला.

पुढच्या खेपेला नक्की, असं म्हणत राहिलो. मागच्या वर्षी अक्कांच्या लेकीचा फोन आला. आईनं सांगून ठेवल्याप्रमाणं तिनं सगळ्यांत आधी मला कळवलं होतं.

गाडीत जुळवलेली ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. अक्कांसमोर जे म्हणायचं राहिलं, ते हे :

अक्का, मालकानं तुम्हाला काढलं नाही. त्यानं तुम्हाला विचारलं होतं, राहता का म्हणून. तुम्ही राहते म्हणालात. मी त्याला उलटं सांगितलं. आधी चुकून सांगितलं, आणि चूक कळल्यावर माझ्या पोरासाठी ती तशीच ठेवली. नंतर तुम्ही ओट्यावर येऊन विचारलंत, तेव्हा खोटं बोललो. मी तुमच्यासाठी कुणाशी भांडलो नाही. तुमची जागा मी घेतली. मला माफ करा.